कापसाच्या प्रेसखालचा एक गोळा

२०१८ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो. हात शाबूत होते, डोळेही बऱ्यापैकी होते, आणि हिंगणघाटात लोखंडाला पाणी द्यावं तर मीच, असं मी तेव्हा म्हणायचो. आजही कोणी विचारलं तर तेच म्हणेन. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं वडिलांनी भात्याजवळ बसवलं ते बसवलंच.

पाणी देणं म्हणजे काय ते आधी सांगतो. विळा, कुऱ्हाड, छन्नी, काहीही नुसतं घडवलं तर ते मऊच असतं, दोन दिवसांत धार वाकते. म्हणून ते लाल तापवायचं आणि एकदम पाण्यात बुडवायचं. पाणी चरचरतं, वाफ तोंडावर येते, आणि लोखंड कडक होतं. किती लाल, पाण्यात मीठ किती, कोणत्या कडेनं बुडवायचं, हे पुस्तकात नसतं. माझ्या दुकानात वडिलांच्या वेळची काळ्या दगडाची डोण आहे. तिच्यातलं पाणी मी दुसऱ्या कोणाला बदलूसुद्धा देत नसे.

गावाबाहेरच्या एका जिनचं सगळं लोहारकाम माझ्याकडं होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. उरलेल्या रुईच्या गाठी बांधायला तिथं एक प्रेस आहे, जुना, विलायती. जाड खांबाभोवती त्याच्या दोन पेट्या फिरतात. एका पेटीत रुई भरून तुडवतात, तोवर दुसरीतली रुई दाबून गाठ निघते, मग पेट्या फिरवून जागा बदलायच्या. एवढं धूड माणसांनी खांदा लावला की फिरतं, कारण त्याच्या खाली एका गोल वाटेत पोलादाचे गोळे बसवलेले आहेत. सायकलच्या चाकात छर्रे असतात ना, तसेच. पण हे लहान संत्र्याएवढे.

त्या उन्हाळ्यात हंगाम संपून जिन बंद झाल्यावर प्रेस उघडला, तर गोळ्यांची सालं निघालेली. मला हे कोणी सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर जिनचा फिटर भेटला, त्याच्या तोंडून कळलं.

"मिस्त्री, प्रेसचे गोळे गेले ना. बाजारात तो साइजच भेटत नाई म्हनते. शेठनं नमुना तुमच्या साडभाऊकडं धाडला."

"गाडी माया दुकानावरूनच गेली अशीन."

"गेली ना. तुमी जेवून राह्यलते."

चहा तसाच ठेवून मी उठलो.

हा साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आयटीआय शिकलेला. बाहेरगावी बेअरिंगच्या कारखान्यात नोकरी केली, मग इकडं येऊन एमआयडीसीत शेड टाकलं आणि विजेची भट्टी बसवली. त्याला लोक साहेब म्हणतात. माझ्यासारखंच तापवतो आणि बुडवतो, पण मी मिस्त्री आणि तो साहेब. शर्टाच्या खिशाला पेन, नखं स्वच्छ, केस अजून काळे. आवाज कधी चढवत नाही. मला "साडभाऊ, साडभाऊ" म्हणून इतका मान देतो, की भांडायला जागाच सापडू नये. त्याच्याकडं नवी भट्टी कधी आली, कोणत्या कारखान्याचा टेम्पो त्याच्या दाराशी लागला, लग्नात त्याला कोणत्या रांगेत बसवलं, हे सगळं मला ठाऊक असायचं. मी कोणाला विचारत नव्हतो. कान आपोआप तिकडं जायचे.

मी तडक जिनवर गेलो. शेठ पंख्याखाली बसला होता.

"शेठ, मी मेलो काय?"

"अरे बैठो मिस्त्री, पानी पिओ."

"पानी मी लोखंडाले पाजतो, मले नोका पाजू. प्रेसचे गोळे काऊन तिकडं गेले?"

"वो तुमचं काम नाही. बडा माल आहे. साहेबकडं मशीन आहे, सब कुछ आहे."

"मोठा म्हनजे काय? या जिनचे छर्रे मी केले का नाई? लहान छर्रा केला त्याले मोठा गोळा करता येत नाई काय? जी बाई लहान पोळी लाटते तिले मोठी लाटता येत नाई?"

शेठला वाद नको होता. तो म्हणाला, "दोघंही एक-एक बनवून आणा. प्रेसच्या खालीच दाबून पाहू. ज्याचा टिकेल, त्याचं काम."

मी ट्रकचा जुना एक्सल शोधला. त्या पोलादाच्या मी आयुष्यभर छन्न्या केल्या, पहारीची टोकं केली, एक परत आली नाही. लेथवाल्याकडून त्याचा गोळा काढून घेतला. भट्टी लावली. मोठा माल म्हणून कोळसा हात सैल सोडून घातला, ब्लोअर मंद ठेवला, गोळा फिरवत राहिलो, आतपर्यंत लाल होऊ दिला. मग सांडशीत धरून डोणीत सोडला. पाणी असं उसळलं की ओटा ओला झाला. थंड झाल्यावर कानस लावली, तर काचेवरून घसरावी तशी घसरली. पॉलिश पेपरनं घासून असा चकचकीत केला, की त्यात माझ्या मिशा दिसत होत्या.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "जवाईबुवा म्हनत होते, मोठ्या मालाले पानी नाई चालत. तेल लागते."

"तुले कोनं विचारलं वं?"

"मले कोन विचारते? मी आपली भिंतीले सांगून राह्यली."

तिच्या तोंडी साडूसाठी 'जवाईबुवा' आलं की माझ्या अंगात काय व्हायचं ते मलाच माहीत. माझं नाव ती घेत नाही, ते ठीक आहे. पण माझ्याबद्दल बोलताना तिचा आवाज तसा गोड कधी झाला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं जिनवर गेलो. त्याचा गोळा माझ्यापेक्षा काळपट, त्याला चमक नाही. मला बरं वाटलं. फिटरनं खाली-वर पोलादाच्या जाड पाट्या ठेवल्या, मध्ये माझा गोळा, आणि तुकडा उडाला तर कोणाला लागू नये म्हणून भोवती बारदान्याचा ढीग लावला. प्रेस हळूहळू दाबत आला. मी पाहत नव्हतो, ऐकत होतो. मधेच 'करकर' असा आवाज आला. बारदाना काढला, तर माझा गोळा वरून बसका झालेला आणि त्याचं कवच अंड्यासारखं फुटून सोललेलं.

मग त्याचा गोळा ठेवला. तेवढाच दाब दिला. गोळ्याला काही नाही. खालच्या पाटीलाच खळगी पडली.

साडूनं माझा गोळा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि खिशातली लहान कानस काढून फुटक्या जागी फिरवली. बाहेरच्या कवचावरून ती घसरली. आतल्या भागात मात्र तिनं चावा घेतला, किस निघाला.

"साडभाऊ," तो म्हणाला, "पानी तुमचं अस्सल आहे. कवच पाहा कसं कडक झालं. दोष या पोलादाचा आहे. बारीक वस्तूले पान्यात घातलं का तिची सारी आग एका दमात निघून जाते, म्हनून ती आरपार कडक होते. एवढ्या जाड गोळ्याच्या पोटातली आग लवकर बाहेरच येत नाई. आतलं सावकाश थंड होते. साध्या पोलादाले तेवढी सबूर नसते, सावकाश थंड झालं का ते मऊच राह्यते. त्यात क्रोम घातलं का सबूर येते. हा गोळा तर नेहमीच्या छर्र्याहून मोठा माल, याले क्रोमसंगं मँगनीजबी वाढवा लागते. मग ते हळूच थंड झालं तरी पोटापर्यंत कडक होते."

तो हसला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि घरी जाऊन जेवलो असतो. शेठसमोर, फिटरसमोर त्यानं माझ्या पाण्याची तारीफ केली. ती तारीफ माझ्या घशाखाली उतरेना.

"म्हनजे पोलाद खोटं होतं," मी म्हणालो. "हात खोटा नोयता. तेच पोलाद मले दे. त्या वाटेत एक तरी गोळा माया हातचा बसन."

शेठ हसला. "एक से क्या होगा, मिस्त्री?"

"नाई बसला तर या जिनच्या फाटकात पुन्हा पाय नाई ठेवनार मी. तुमची कुऱ्हाडबी दुसऱ्याकडून पाजवून घ्या."

वडील त्या फाटकातून आत-बाहेर करत आले, मीही केलं. तिथला एकही बोल्ट नसेल ज्याला आमचा हात लागला नाही. तेच सुटलं, तर माझ्या दुकानात विळ्यांशिवाय काय उरलं असतं?

साडूनं शेठकडं पाहिलं. "ठीक आहे. बाकीचे मी करतो, एक साडभाऊचा. पन तोबी दाबूनच घेऊ, नाईतर बाकीच्यावर भार येईन."

त्यानंतर आमच्या साळ्याच्या शेतात, वेणा नदीच्या काठी, रोडग्यांचं जेवण होतं. दरसाल असतं. कणकेचे मोठाले गोळे करून गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फडक्यानं राख झटकायची, फोडून तूप ओतायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. आर पाहायचं काम दरसाल माझं, कारण मी थोरला जावई आणि विस्तवाचा माणूस. आणि पहिला फोडलेला रोडगा थोरल्या जावयाच्या ताटात, हीही तिथली रीत.

त्या दिवशी माझ्या बायकोनं पहिला रोडगा फोडला, तूप सोडलं, आणि साडूच्या ताटात ठेवला.

"अवो, ते केव्हाचे उपाशी आहेत," ती म्हणाली. "सकाळपासून भट्टीवर होते, थेट तिथूनच आले."

मी गोवऱ्या सारत होतो. म्हणजे मी कुठं होतो? मीही भट्टीवरच होतो की. कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी रागानं आर खालून वर केला, फुंकला, आणखी गोवऱ्या टाकल्या. मग जे रोडगे निघाले ते वरून काळे ठिक्कर आणि मोठे होते ते आतून कच्चे, बोटाला कणीक चिकटावी असे.

साळी, म्हणजे साडूची बायको, फुटलेला रोडगा पाहून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या प्रेसच्या गोळ्यासारखा झाला ना हा."

सगळे हसले. माझी बायको सगळ्यात आधी.

"तसं नाई," मी म्हणालो. "रोडग्यात आग आत जाते. गोळ्यातली बाहेर येते. काही समजत नाई तुमाले."

"बरोबर बोलले साडभाऊ," साडू म्हणाला. "उलटं आहे ते." झालं, इथंही त्यानं माझीच बाजू घेतली. मला भाजी गोड लागेना.

निघताना त्यानं गाडीच्या डिकीतून कागदात गुंडाळलेला गोळा काढून दिला. लेथवर गोल करून आणलेला होता. "हे घ्या. तापवा तुमच्याच हातानं. पन तेलात घालजा, पान्यात नोका घालू. पान्यानं याचं बाहेरचं एका दमात दगड होते. आतलं मागून कडक होते तेव्हा ते थोडं फुगते, अन् बाहेरचं तर आता सरकत नाई. मग तडकते."

मी मान हलवली. ऐकलं नाही असं नाही. अक्षर न् अक्षर ऐकलं. पण घरी येताना वाटभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं. पोलाद त्याचं. आकार त्यानं दिलेला. आता तेलही त्याचंच घातलं, तर त्यात माझं काय राहिलं? चार-दोन घटका सांडशी धरली, एवढंच. पाण्यात कडक झाला, तरच तो माझा गोळा. आणि हा माणूस मला पाणी सोडायला सांगतो, ते गोळ्यासाठी की आपल्यासाठी? असंही मनात आलं. हेवा माणसाला हुशार करतो, फक्त चुकीच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी लावली. त्या पोलादाला तापायला वेळ लागला. रंग जमला तसा गोळा उचलला आणि वडिलांच्या डोणीत सोडला. पाणी उसळलं, चरचरलं, शांत झालं. बाहेर काढला, कानस घसरली. चहूबाजूंनी फिरवून पाहिला, कुठं रेघ नाही. मी ऐरणीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "झाला ना पान्यात? सांग म्हनावं तुया जवाईबुवाले."

बायको आतून म्हणाली, "सांगते. चहा घ्या आधी."

चहाची कपबशी हातात होती तेव्हा ऐरणीवरून 'टक' असा आवाज आला. पाल चुकचुकावी तेवढाच. मी ओळखला. माझ्या उभ्या आयुष्यात तो आवाज मी इतक्या वेळा ऐकला आहे की झोपेतही ओळखेन. जवळ गेलो. गोळ्यावर केसाएवढी रेघ होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरत होती. पुन्हा एकदा 'टक' झालं. हातोडीनं नुसतं टेकवलं तर दोन फाका झाल्या.

मी ओट्यावर बसलो. फाक उचलून उजेडात धरली. चिनी मातीची बशी फुटली म्हणजे कडेला दिसतं ना, तसं आतलं अंग, बारीक, करडं, रेशमासारखं. कडेला जसं, तसंच मध्यभागी. मी कानस घेतली. कडेवर लावली, घसरली. थोडी आत सरकवली, घसरली. जीव मुठीत घेऊन अगदी मधोमध लावली. घसरली. पोटापर्यंत कुठंही चावा नाही. मग कोनाड्यात ठेवलेला माझा एक्सलचा फुटका गोळा काढला आणि त्याच्या मध्यावर कानस घासली. किस निघाला, लोण्यावर सुरी फिरावी तसा.

इतकी वर्षं मी पाणी दिलं. पण एवढ्या जाड लोखंडाच्या पोटात शिरलेला कडकपणा मी त्या दिवशी पहिल्यांदा हातानं चाचपला. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हे त्यानं रोज पाहिलं असेल. रोज. मी डोणीशी बसून विळे पाजत होतो तेव्हा तो हे रोज पाहत होता. गाडी, शेड, काळे केस, पहिला रोडगा, या सगळ्याचं मला जेवढं वाटलं नव्हतं तेवढं या रोज पाहण्याचं वाटलं.

बायको येऊन माझ्यामागं उभी राहिली. दोन्ही फाका पाहिल्या. मी वाट पाहत होतो.

"घरात तेल आहे," ती म्हणाली. "सोयाबीनचं. देऊ काय?"

"चूप राह्य."

"चूपच आहे मी. भिंतीले विचारून राह्यली."

मी रागावलो, पण खरा राग आला नाही. संध्याकाळी ती बाजूला येऊन बसली, आणि एक फाक हातात घेऊन अंगठ्यानं चाचपत राहिली. "किती गुळगुळीत आहे वो," म्हणाली. मी म्हणालो, "पोटापर्यंत तसंच आहे." ती म्हणाली, "मग याले काऊन फेकता?" मी फेकणार होतो, हे तिला कसं कळलं कोण जाणे. भंगारात टाकायचा आणि पोलादातच खोट होती असं सांगायचं, इथवर माझं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही फाका रुमालात बांधल्या, सायकलच्या हँडलला अडकवल्या आणि एमआयडीसीत गेलो. साडू शेडचं शटर वर करत होता. मला पाहून त्याचा हात तसाच राहिला.

"साडभाऊ? इतक्या सकाळी?"

मी रुमाल त्याच्या टेबलावर सोडला. त्यानं फाका पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. तो काही म्हणणार, बहुतेक माझं कौतुकच करणार, तेवढ्यात मी म्हणालो, "बोलू नोको. दुसरा गोळा काढ. अन् तेलाचा पिपा कुठी आहे तो दाखव."

त्यानं बोट केलं. पिपा कोपऱ्यात होता. तो मदतीला पुढं आला, मी त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि पिपा मीच ओढत भट्टीपुढं आणला.